कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) सारखं कमी होतंय, तापमानाचा काटा चढतोय? तोच प्लॅस्टिकचा पार्ट, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, परत बदलायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं लिहिते, तुमचा त्रास हाच आहे का ते त्यावरून लगेच समजेल.

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी कूलंटची टाकी बघितली तर पातळी मिनिममच्या खाली. तुम्ही भरता, आणि तीन-चार आठवड्यांत परत तेच.

खाली जमिनीवर डाग नाही, असलाच तर चार थेंब, आणि ते एसीचं पाणी असेल म्हणून आपण सोडून देतो.

लांबचा प्रवास करून गाडी बंद केली की बोनेटजवळ गोडसर उग्र वास येतो.

गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो. किंवा बरोबर उलटं, गर्दीत ठीक आणि चढावर किंवा वेगात चढतो. तुमचं यातलं कुठलं ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हीटर लावला तर मधेच गार हवा, आणि गाडी चालू केल्या केल्या डॅशबोर्डच्या मागून बाटली हलवल्यासारखी खळखळ.

आणि शेवटचं, रेडिएटरचा जाड पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथे वाळलेली खपली. पांढरट, गुलाबी, हिरवट, तुमचं कूलंट ज्या रंगाचं तशी. ही दिसली तर तुमची गाडी आणि माझी गाडी एकाच आजाराची आहे असं समजा.

गेली अठरा वर्षं मी एकाच कंपनीच्या गाड्या चालवतेय, एकामागून एक तीन. स्टिअरिंग, सीटची बैठक, गिअर टाकताना हाताला जे लागतं ते, सगळं अंगवळणी पडलंय आणि दुसरी गाडी घ्यावीशी वाटत नाही. म्हणूनच राग जास्त येतो. पहिल्या गाडीत थर्मोस्टॅटचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं होतं, आठ वर्षांत त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या मॉडेलमध्ये तेच हाउसिंग प्लॅस्टिकचं झालं आणि सात वर्षांत ते मी तीनदा बदललं. तिसरी गाडी घेताना मला वाटलं होतं की एवढ्या वर्षांत कंपनीने हे सुधारलं असेल, तर ३८ हजार किलोमीटरला परत तीच खपली, त्याच जागी. भावाची, मैत्रिणीची, शेजाऱ्यांची धरून आतापर्यंत हाच फॉल्ट मी नऊ वेळा काढलाय. आणि प्लॅस्टिकचं हाउसिंग फक्त एकच कंपनी वापरते असंही नाही, त्यामुळे तुमची गाडी कुठलीही असली तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

हे हाउसिंग म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते कारण ते कळलं की तपासण्यांचा क्रम आपोआप कळतो. इंजिन गार असताना कूलंट आतल्या आत फिरतं, गरम झालं की थर्मोस्टॅटमधलं मेण फुगतं आणि झडप उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडतं, बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान सुरू होतं. ती झडप ज्या डबीत बसते ते हाउसिंग. म्हणजे रोज सकाळी गार, अर्ध्या तासात ९०-१०० अंश, संध्याकाळी परत गार, आणि वरून साधारण १ बारचा दाब. पार्टवर कोपऱ्यात बारीक अक्षरात पीए६६-जीएफ३० असं उमटवलेलं असेल तर ते नायलॉन आहे, ३० टक्के काचेचे तंतू घातलेलं. नवं असताना चांगलं मजबूत असतं. पण कूलंटमधल्या गरम ग्लायकॉल आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहून नायलॉन ठिसूळ होत जातं आणि शेवटी नळीच्या मुळाशी किंवा बोल्ट ज्यातून जातो त्या कानाशी केसाएवढी चीर पडते. ती चीर इंजिन गरम आणि दाबाखाली असतानाच उघडते, गार झालं की मिटते. जमिनीवर डाग का नसतो त्याचं उत्तर हेच, थेंब गरम इंजिनावर पडून तिथेच वाळतात.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर. आणि हात लावायच्या आधी एकच नियम, इंजिन पूर्ण गार पाहिजे. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, आतलं कूलंट तिथल्या तिथे उकळून अंगावर येतं, चेहरा आणि हात भाजतात. वरचा जाड पाइप दाबून बघा, कडक लागला तर अजून थांबा. मी सगळं सकाळी गाडी काढायच्या आधीच करते.

सगळ्यात पहिलं, पातळी मोजा. टाकीवर कूलंट आज जिथे आहे तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि दर चार दिवसांनी सकाळी बघा. याला एक पैसा लागत नाही आणि तरी कुणी करत नाही, सगळे नुसतं भरत राहतात. याने दोन गोष्टी कळतात, खरंच कमी होतंय का आणि किती वेगाने. नुकतंच कूलंट बदललं असेल तर पहिल्या काही दिवसांत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते आणि मग थांबते, तो फॉल्ट नाही. पण महिनोन् महिने एकाच वेगाने उतरत असेल तर कुठेतरी नक्की गळतंय, कारण ही बंद सिस्टीम आहे, कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. आणि आठवड्यात अर्धी टाकी रिकामी होत असेल तर बाकीचं वाचू नका, थेट शेवटी जा जिथे मेकॅनिकला बोलवायचं लिहिलंय.

दुसरं, झाकण. हे मी पहिल्या वेळी सोडलं होतं आणि त्याची शिक्षा म्हणून तेच हाउसिंग सहा महिन्यांत परत बदललं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, त्यात स्प्रिंगची झडप असते आणि किती दाब धरायचा ते तिच्यावर ठरतं, वर १.१ किंवा ११० असा आकडा छापलेला दिसेल. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर साधारण १०७ ला, आणि झाकणाने १ बार दाब धरला की तेच मिश्रण १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चपटं झालं, फाटलं किंवा स्प्रिंग मेली की हा सगळा फायदा गेला, कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं, आणि आपण हाउसिंगला दोष देतो. उलटंही होतं. झडप अडकून बसली आणि उघडलीच नाही तर दाब वाढत जातो आणि सिस्टीममध्ये जे सगळ्यात कमजोर असेल ते फुटतं, म्हणजे आपलं प्लॅस्टिक. माझ्या बाबतीत नेमकं हे झालं होतं, झडपेवर वाळलेल्या कूलंटचा थर बसून ती चिकटली होती. सकाळी गार गाडीचा वरचा पाइप चेपलेला, आत ओढल्यासारखा दिसला तर झाकणातली दुसरी छोटी झडप, जी गार होताना कूलंट परत आत घेते, ती बंद पडलीय असं समजा. झाकण ही या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, शंका असेल तर सरळ नवं घ्या, फक्त आकडा तोच पाहिजे. जास्त आकड्याचं झाकण लावून गाडी गरम व्हायची थांबते असा सल्ला मिळेल, अजिबात ऐकू नका.

तिसरं, टॉर्च आणि डोळे. गाडीखाली रात्री एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसले तर त्याच्या बरोबर वर काय आहे ते बघा, एसीचं पाणी असेल तर वाळल्यावर काही उरत नाही, कूलंट असेल तर रंगीत चिकट डाग राहतो. मग टॉर्च घेऊन हाउसिंगची शिवण, त्याच्या खालची बाजू (फोन आत घालून फोटो काढा, डोळा पोचत नाही), रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला चिमटलेली असते ती कड, प्रत्येक पाइपाचं टोक, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, आणि गाडीच्या आत पुढच्या सीटच्या पायाखालचा कार्पेट. कार्पेट ओला आणि चिकट असेल, काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल, तर गळती हीटरच्या आतल्या रेडिएटरची आहे आणि बोनेटखाली कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

मैत्रिणीच्या गाडीत मला बराच वेळ काहीच दिसत नव्हतं. शेवटी एक जुना पांढरा रुमाल तारेला गुंडाळून हाउसिंगच्या खालून फिरवला, तर त्यावर गुलाबी पावडर आली, खडू घासल्यासारखी. पाइप काढला आणि नळीचं तोंड नुसतं अंगठ्याने दाबलं तर कडेचा नखाएवढा तुकडा तुटून हातात आला. बाहेरून काळं कुळकुळीत, नव्यासारखं दिसणारं, आणि तुटलेल्या जागी आतून तपकिरी, कोरडं, भुसभुशीत. हात लावेपर्यंत त्या पार्टमध्ये काही दोष आहे असं कुणी म्हणालं नसतं.

चौथं, क्लॅम्प, म्हणजे पाइपाचं टोक आवळून धरणारी कडी. बरेच मेकॅनिक कंपनीचा स्प्रिंगचा क्लॅम्प काढून स्क्रूवाला लावतात आणि आवळून आवळून घट्ट करतात. स्प्रिंगचा क्लॅम्प प्लॅस्टिक फुगलं-आकसलं की त्याच्याबरोबर स्वतः जुळवून घेतो. स्क्रूवाला घेत नाही, गार झाल्यावर सैल आणि गरम झाल्यावर जास्त घट्ट, आणि आधीच ठिसूळ झालेल्या नळीला तो हळूहळू कापत जातो. क्लॅम्प सरकलाय का, पाइपाचं टोक कडक होऊन भेगा पडल्यात का ते बघा. कधीकधी फक्त पाइप बदलून काम होतं.

पाचवं, फॅन. सुरुवातीला विचारलेलं आता आठवा. काटा गर्दीत चढत असेल आणि गाडी पळायला लागली की उतरत असेल तर संशय आधी फॅनवर घ्या, कारण पळताना हवा समोरून येतेच, उभी असताना ती फॅनलाच आणावी लागते. गाडी चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले (वीज चालू-बंद करणारी छोटी डबी). त्याच नंबरचा दुसरा रिले सहसा त्याच डब्यात असतो, हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा, त्याची अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम. फॅनजवळ हात नेऊ नका, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. आणि काटा चढावर किंवा वेगातच चढत असेल तर फॅनचा प्रश्न नाही, कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून बुजलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय किंवा पंप पुरेसं फिरवत नाहीये.

सहावं, स्कॅनर. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो, आतलं तापमान वीस-पंचवीस अंश वर-खाली झालं तरी हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. साधा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) मोबाइलला जोडला की खरा आकडा दिसतो. गाडी गार असल्यापासून बघत बसा. आकडा हळूहळू चढतो, थर्मोस्टॅट उघडला की किंचित खाली येतो आणि मग वरचा-खालचा दोन्ही पाइप गरम लागतात. आकडा १०५-११० कडे चाललाय आणि एक पाइप अजून गारच आहे तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. उलट अर्धा तास चालवूनही आकडा ७० च्या वर जात नाही आणि पी०१२८ हा कोड येतोय तर तो उघडा अडकलाय. पी०११७ किंवा पी०११८ आला तर आधी सेन्सर आणि त्याची वायर. इथे एक धोका सांगून ठेवते, कूलंट खूपच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान कमी दाखवायला लागतो, काटा शांत आणि इंजिन आत जळतंय असं होऊ शकतं, म्हणून पातळीची तपासणी पहिली ठेवलीय.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी गार राहील, असं सांगणारे खूप भेटतात. नका काढू. इंजिन नीट तापलंच नाही तर इंधन जास्त जळतं, ऑइल खराब होतं, आणि मूळ गळती तशीच राहते.

सातवं, प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी बसणारा हातपंप आणि त्यावर मीटर. गार इंजिनावर झाकणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब भरायचा, त्याच्या वर एक टिचकीसुद्धा नाही, नाहीतर चांगला पार्ट आपणच फोडू. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मीटरचा काटा उतरला तर गळती आहे आणि आता ती गार असताना, हात भाजल्याशिवाय शोधता येते. एरवी गरम झाल्यावरच उघडणारी आणि गार झाल्यावर मिटणारी चीर इथे बाहेर थेंब दाखवते. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट आत जातंय, इंजिनात किंवा केबिनमध्ये. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

एवढं सगळं करून हाउसिंगच दोषी निघालं तर बदलायचं काम. यात अवघड काही नाही पण चुका ठरलेल्या आहेत. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवा. उघडं ठेवू नका, इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. इंजिनाकडची बाजू प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवं रिंग रबरही गळणार. रबर कोरडं किंवा थोडं कूलंट लावून बसवा, सिलिकॉन फासू नका, त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. बोल्ट आळीपाळीने आवळा आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) वापरा. हे बोल्ट सहसा सहा मिलिमीटरचे असतात, बऱ्याच गाड्यांत आकडा ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या मॅन्युअलमधला बघूनच आवळा. हातात मोठा पाना घेऊन अंदाजाने आवळलं तर प्लॅस्टिकचा कान तिथेच चिरतो, आणि आपण नवा पार्टच आजारी बसवतो. दुसऱ्या गाडीतलं माझं दुसरं हाउसिंग जाण्यात याचाही हात असावा असं मला आता वाटतं, ते गॅरेजमध्ये एअर गनने आवळताना मी समोर उभी होते आणि तेव्हा बोलले नाही.

भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या. रंगावर जाऊ नका, रंगाचा काही ठरलेला नियम नाही, एकाच रंगाची दोन कूलंटं वेगळ्या रसायनाची असतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाणी घाला, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. मग हवा काढा. हवेचा स्क्रू असेल तर तो सैल करून, नसेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून मॅन्युअलमधल्या पद्धतीने. हवा राहिली तर नवीन पार्ट असूनही काटा चढेल आणि तुम्ही सगळं परत उघडाल.

आता पार्टबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. दुसऱ्या गाडीचं तिसरं हाउसिंग आणलं तेव्हा पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर बदललेलं होतं, काउंटरवर सांगितलं की हे सुधारित आहे. घरी आणून जुनं आणि नवं शेजारी ठेवलं, व्हर्नियरने नळीची जाडी मोजली. तीच. त्याच जागी त्याच फासळ्या, त्याच कानाशी तोच काटकोन जिथे चीर पडते. काय सुधारलं ते मला आजही दिसलेलं नाही, आणि तेही दोन वर्षांत गेलं. रिंग रबर वेगळं मागितलं तर मिळत नाही, थर्मोस्टॅट वेगळा मिळत नाही, आख्खी असेंब्ली घ्यावी लागते. आणि नवीन मॉडेल आलं तेव्हा स्क्रीन मोठी झाली, दिवे बदलले, दाराचे हँडल बदलले, हाउसिंग तेच राहिलं. कंपनीवाल्यांनो, ज्या माणसाने तीन गाड्या तुमच्याकडून घेतल्या त्याला एवढा एक पार्ट नीट बनवून द्या, एवढंच मागणं आहे.

बाहेरच्या कंपन्यांची ॲल्युमिनियमची हाउसिंगं काही मॉडेलसाठी मिळतात. मी भावाच्या गाडीत लावलंय आणि आतापर्यंत चांगलं चाललंय. पण घेताना बसणारी बाजू सपाट काचेवर ठेवून बघा, डुगडुगलं तर परत करा. वॉरंटीतल्या गाडीत लावू नका. मूळचंच घेणार असाल तर एवढं करा, फुटायची वाट बघू नका. मागचं किती किलोमीटरला गेलं ते तुम्हाला माहितीये, त्याच्या बरंच आधी, कूलंट बदलायच्या वेळेलाच हाउसिंग, झाकण आणि वरचा पाइप एकत्र बदला, कूलंट तसंही उतरवायचंच असतं.

कुठे थांबायचं ते आता. वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या मागे असेल तर स्वतः हात घालू नका, बेल्ट एक दात चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. हीटरच्या रेडिएटरसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, एअरबॅगच्या वायरी मधे येत असतील, तेही नको.

आणि ही चिन्हं दिसली तर गाडी चालूच करू नका: गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली घट्ट पिवळट फेस आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे, गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. फेस एकटाच असेल, गाडी फक्त जवळच्या जवळ फिरत असेल, तर तो नुसता ओलाव्याचाही असू शकतो, पण ठरवायचं काम मेकॅनिकचं. त्याच्याकडे निळ्या द्रवाची नळी असते, ती टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा ओढतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा पिवळा होतो. ही टेस्ट करा असं नाव घेऊन सांगा, त्याशिवाय हेड उघडू देऊ नका.

काटा एकदा जरी लालमध्ये गेला असेल तरी तेच, हाउसिंग बदलून विषय संपवू नका. बऱ्याच इंजिनांत हेड ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या वर वाकलेलं चालत नाही, ते डोळ्याला दिसत नाही, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावूनच कळतं. रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात, कारण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, आणि सुरक्षित जागा मिळाल्याबरोबर इंजिन बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकू शकतं. टोइंगवाल्याला फोन करा. चार किलोमीटरच राहिलेत, घरी नेऊ या, असं म्हणून शेजाऱ्यांनी गाडी नेली होती आणि त्यांचं हेडच बदलावं लागलं.

तुटलेला पार्ट टाकून देऊ नका. त्यावर घड्याळासारखी एक बारीक गोल खूण असते, आतला बाण महिन्याकडे आणि मधला आकडा वर्षाकडे, म्हणजे पार्ट कधी ओतला ते कळतं. त्या खुणेचा, चिरेचा आणि पार्ट नंबरचा फोटो काढा, बसवल्याचे आणि काढल्याचे किलोमीटर लिहा, बिल जोडा, आणि चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी विचारा की या पार्टवर सर्व्हिस बुलेटिन, रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी आहे का. कंपन्या असं कधीकधी काढतात आणि जुन्या गाडीवाल्यांपर्यंत ते पोचत नाही. मी चारही हाउसिंगांची अशी फाइल पाठवलीय, तक्रार क्रमांक मिळालाय, उत्तर यायचंय. तुमचा पार्ट याच जागी गेला असेल तर तुम्हीही पाठवा, शक्यतो फोनवर नको, लेखीच.